सरांना नावाने हाक

मैत्रेयीच्या फॉर्मवर पाच चौकोन होते. त्यातले चार भरले होते. पाचव्यासमोर लिहिलं होतं, ‘सर्जनला नावाने हाक मारून सूचना देते.’ तो चार ऑपरेशनं झाली तरी कोराच होता. आजचं पाचवं, म्हणजे शेवटचं. आजही कोरा राहिला तर सोमवारपासून रोबोटची टीम सुटली आणि ती परत क्लिनिकात. तिथे दिवसभर लोकांचे टाके काढायचे आणि पार्किंग कसं मिळत नाही ते ऐकून घ्यायचं. दोन वर्षं अर्ज करून करून ती या ऑपरेशन थिएटरात आली होती. आता एका नावासाठी बाहेर जायचं म्हणजे कठीणच होतं.

नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. रोबोटने ऑपरेशन करताना सर्जन पेशंटजवळ नसतोच. तो कोपऱ्यातल्या, रोबोट चालवायच्या कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो, पोस्टाच्या पेटीत आपलंच पत्र शोधणाऱ्या माणसासारखा. त्याला पेशंटचं आतलं सगळं दहापट मोठं दिसतं आणि बाहेरचं शून्य. पेशंटपाशी मैत्रेयी. अवजारं बदलायची, रक्त ओढून घेणारी सक्शनची नळी आत घालायची, रोबोटचे चार हात कुठे आपटत नाहीत ना ते बघायचं. तिने मान हलवून ‘हो’ म्हटलेलं त्याला दिसत नाही. म्हणून आधी नाव, मग काम, आणि समोरच्याने तेच परत म्हणून दाखवायचं.

अडचण अशी की सर्जन होते शशिकांत भागवत. वय एकसष्ट. ख्राइस्टचर्चच्या मराठी मंडळात अख्खं गाव त्यांना काका म्हणायचं. गणपतीत ते स्वतः पंगतीत वाढायचे आणि ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात दोन पुऱ्या जास्त टाकायचे. थिएटरातले न्यूझीलंडर त्यांना ‘शॅश’ म्हणत. मैत्रेयीला ‘शॅश’ ऐकलं तरी पदर सावरावासा वाटे आणि ती तर स्क्रब्जच्या सदरा-पायजम्यात असे.

आदल्या आठवड्यात तिने घरी सराव केला होता. तिचा नवरा नितीश धुण्याच्या बास्केटमध्ये डोकं घालून सोफ्यावर बसला.

“म्हण,” बास्केट म्हणाली.

“शशिकांत...”

“शाब्बास!”

“...काका.”

“अगं बाई, काका कशाला? मला तर तू लग्नाच्या आधीपासून नित्या म्हणतेस!”

“तुझी गोष्ट वेगळी. तुला कोण मान देतंय?”

आज सकाळी ब्लेनहाइम रोडच्या सिग्नलला तिने काच खाली करून तीनदा ‘शशिकांत’ म्हणून बघितलं. शेजारच्या गाडीतल्या माणसाने आदराने रेडिओ बंद केला.

आणि आता साडेआठ वाजले होते. टेबलावर ग्रॅम नावाचे अॅशबर्टनचे मेंढपाळ, डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत गाढ झोपलेले. प्रोस्टेट काढायचं होतं. डोक्याशी भूल देणारे डॉक्टर गुरुनाथ, नागपूरचे, पंचावन्नचे. भिंतीला टेकून थिएटरची मुख्य, चार्ज नर्स आनाहेरा, हातात फॉर्म. ती मैत्रेयीकडे बघून हसली.

पहिला तास तिने मोठ्या हुशारीने काढला. नाव लागेल अशी वाक्यंच टाळली. “सक्शन आत येतेय,” ती हवेत म्हणायची. “कोणाला सांगतेयस?” आनाहेरा विचारायची. “सगळ्यांना,” मैत्रेयी म्हणायची. आनाहेरा काहीतरी लिहायची. लिहिणं लांबलचक असायचं, म्हणजे टिक नक्कीच नसायची.

साडेदहाच्या सुमाराला काकांना आतल्या एका कोपऱ्यात पोचायचं होतं. त्यांनी आत मनगट वळवलं आणि बाहेर रोबोटचा तीन नंबरचा हात कोपरातून खाली यायला लागला. सावकाश, जेवल्यावर सोफ्यावर टेकणाऱ्या माणसासारखा. तो ग्रॅमच्या चेहऱ्याकडे येत होता. चेहऱ्यावर फोमची उशी होती, पण ती एका बाजूला घसरलेली. गाल उघडा. ग्रॅम झोपेत, गुरुनाथ पाठमोरे कपाटात औषध शोधतायत, काका कन्सोलच्या पेटीत.

“सर, तीन नंबर हात,” मैत्रेयी म्हणाली.

“गुरुनाथ, तुला बोलावतेय बहुतेक,” कन्सोलमधून स्पीकरवर आवाज आला.

“मला?” गुरुनाथ कपाटातून म्हणाले. “मी कशालाच हात लावला नाहीये. तुलाच म्हणत असेल.”

“मला म्हणाली असती तर नावाने म्हणाली असती. नियम आहे.”

“सर, प्लीज!”

“बघ, तुलाच,” दोघंही एकदम म्हणाले.

कोपर आणि गाल यांच्यात आता जेमतेम चार बोटं राहिली. मैत्रेयीने तोंड उघडलं. ‘श’ दातांपर्यंत आला आणि तिथेच बसला. त्याच्यामागे तिच्या सातारच्या घरातल्या सगळ्या बायका रांगेत उभ्या राहिल्या, ज्यांनी जन्मात वडीलधाऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. तीन बोटं. आणि मग तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते तिने ठरवलेलं नव्हतं. दूध उतू जाताना तिच्या मावशीचा जो सूर लागतो, त्या सुरात ती ओरडली,

“अहो!”

सगळं थांबलं.

“अहो, थांबा ना!”

“काय गं? थांबलो!” स्पीकर म्हणाला. चौतीस वर्षांच्या संसाराच्या सवयीने काकांचे दोन्ही हात कन्सोलवरून उचलले गेले होते. तीन नंबरचा हात ग्रॅमच्या गालापासून दोन बोटांवर गोठला.

“आलो, आलो,” म्हणत गुरुनाथही कपाटातून निघाले आणि समोर बायको नाही हे बघून गोंधळून उभे राहिले.

हात वर घेतला, उशी सरळ केली, गाल तपासला. ओरखडासुद्धा नव्हता. ग्रॅमनी झोपेत ओठ हलवले नाहीत की काही नाही. पुढचं ऑपरेशन सुरळीत झालं.

बारा वाजता आनाहेराने मैत्रेयीला चहाच्या खोलीत बसवलं.

“तू काय ओरडलीस?”

“अहो.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे... मोठ्या माणसाला नाव न घेता मारायची हाक. नवऱ्यालाही.”

“किती पटकन थांबला तो! मी सतरा वर्षं शॅशबरोबर काम करतेय, माझ्यासाठी असा कधीच थांबला नाही. पण मला सांग, हा शब्द कोणावर चालतो?”

“लग्न झालेल्या मराठी माणसांवर.”

“आणि शुक्रवारी दुसरी सर्जन, फियोना, ऑपरेशन करेल तेव्हा?”

मैत्रेयीने कप खाली ठेवला.

“नाही चालणार.”

“ग्रॅमचा गाल वाचला, ते तुझ्यामुळे,” आनाहेरा म्हणाली. “पण त्याआधी दोन डॉक्टर भांडत होते, तू कोणाला म्हणतेयस यावरून. तोपर्यंत हात खालीच येत होता. हा चौकोन मी नाही भरू शकत.” तिने घड्याळ बघितलं. “दीडला सहावी केस आहे, ती तुझ्यासाठी जास्तीची. तेवढीच. जेवून घे.”

मैत्रेयी जेवली नाही. कॉरिडॉरमध्ये अठ्ठावीस फेऱ्या मारल्या. तिला काकांचं वाढणं आठवत नव्हतं, मावशी आठवत नव्हती. ती दोन बोटं तेवढी दिसत होती.

दीड वाजता नवा पेशंट, तेच कन्सोल, तीच पाठ. सक्शन हातात घेऊन ती उभी राहिली.

“शशिकांत, सक्शन आत येतेय.”

जमीन दुभंगली नाही. छत जागेवर. स्पीकरमधूनही काही नाही. एकसष्ट वर्षांच्या माणसाला एवढ्या तरुण आवाजात स्वतःचं पूर्ण नाव ऐकल्यावर कोणत्या वर्गात बसलोय ते आठवायला वेळ लागत असावा.

“सक्शन येतेय,” शेवटी आवाज आला. “ऐकलं, मैत्रेयी.”

मग मात्र तिला थांबता येईना.

“शशिकांत, कात्री बदलतेय. शशिकांत, बदलली. शशिकांत, दोन नंबर हात पोटापासून लांब आहे. शशिकांत, उशी जागेवर आहे. शशिकांत, गुरुनाथ स्टुलावर बसलेत.”

“मी खरंच बसलोय,” गुरुनाथ म्हणाले.

“मैत्रेयी,” आनाहेरा भिंतीपासून म्हणाली, “भरला चौकोन. केव्हाच भरला. जरा श्वास घे.”

“नको, बोलू दे तिला,” कन्सोलमधून आवाज आला. “इथे आत बसलं की बाहेर कोणी आहे की सगळे घरी गेले तेच कळत नाही.”

मैत्रेयीने चारही हातांवरून एकदा नजर फिरवली.

“शशिकांत, एक नंबर हात मोकळा आहे.”

“एक नंबर मोकळा.”