मोडीला निघालेला गंज आणि डिंपलचा रिपोर्ट

मित्रांनो, आधी आनंदाची बातमी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. मी मोडीत गेलो नाही. मी कारध्याला आमच्या घरी, माझ्या नेहमीच्या फळीवर सुखरूप बसलो आहे, आणि आता बसल्या बसल्या तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे.

मी एक जुना पितळी गंज आहे. आमच्या भागात भात रांधायच्या खोलगट भांड्याला गंज म्हणतात. भंडाऱ्याच्या एका कासाराने मला पत्र्यातून ठोकून ठोकून घडवलं. ते ठोके आठवले की अजूनही माझं अंग झिणझिणतं, पण त्या ठोक्यांनीच मला हा गोल, देखणा आकार दिला, म्हणून माझी तक्रार नाही. पार्वताबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला आंदण दिलं. काठावर 'पार्वता' असं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे. आंदणात इतरही भांडी होती. ती कुठे गेली कोण जाणे. मी मात्र टिकलो.

पुढची कितीतरी वर्षं मी दोन्ही वेळा चुलीवर चढलो. आमचा मुलूख धानाचा. इथे पोटभर जेवलं असं माणूस तेव्हाच म्हणतो, जेव्हा ताटात भात असतो. मग घरात कुकर आला. शिट्ट्या मारमारून स्वतःची जाहिरात करणारं ते भांडं मला कधीच आवडलं नाही, पण त्याला काम पटकन उरकता येतं हे मान्य करावं लागेल. तरी पाहुणे आले, की मलाच खाली काढायचे. आणि बुद्ध पौर्णिमेला तर माझा थाटच वेगळा. त्या दिवशी माझ्यात तांदळाची खीर शिजते, विहारात जाते आणि सगळी वस्ती ती खाते. पार्वताबाईंची नात डिंपल लहानपणापासून खीर वाटून झाली की माझ्याजवळ येऊन बसायची. बुडाला लागलेली खरवड शिंपीने, म्हणजे नदीतल्या शिंपल्याने, खरवडायचा मान तिचा. माझी कल्हई ओरबाडली जायची, पण मी कधी हूं की चूं केलं नाही. खरं सांगायचं तर वर्षभर मी त्या खरखर आवाजाची वाट पाहायचो.

गेल्या हिवाळ्यात धान घरात आलं आणि डिंपलचं दुखणं सुरू झालं. सकाळी उठली की शिंकांची माळ लागायची. डोळे लाल व्हायचे, नाक वाहायचं. कधी छातीतून बारीक शीळ वाजायची. सर्दी म्हणून काढे झाले, गोळ्या झाल्या. एका दिवशी तिचा बाप, म्हणजे पार्वताबाईंचा मुलगा अंकुश, कोणाच्या तरी सांगण्यावरून तिला भंडाऱ्याला घेऊन गेला आणि परस्पर तिचं रक्त तपासायला देऊन आला. कशाकशाची अॅलर्जी आहे ते एकाच वेळी कळतं, असं त्याला सांगण्यात आलं होतं. डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं.

रिपोर्ट आला तेव्हा सगळे स्वयंपाकघरात, माझ्या फळीखालीच बसले होते. अंकुशने लाल पेन घेतला आणि ज्याच्यापुढे थोडासुद्धा आकडा होता त्याच्यावर गोल करत सुटला.

"हे पाह्य, भात निघाला. गहू निघाला. दूध, शेंगदाणे, वांगं," तो म्हणाला. "आपण तर पोरीले जहरच चारून राहिलो होतो."

"भात?" पार्वताबाई म्हणाल्या. "आपल्या बांधीतल्या धानाचा भात? काहून?"

"रक्तात आलं ना, माय. मशीन कायले खोटं बोलते?"

डिंपलची आई रत्नमाला पुढे सरकली. तिने कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि खाली ठेवला. मग उठून तिने मला धुतलं, पुसलं आणि फळीवर पालथं घातलं. मित्रांनो, पालथं घातलेल्या भांड्याला काय वाटतं ते भांड्यालाच ठाऊक.

या घरच्या माणसांच्या मायेबद्दल मात्र मला शंका नाही. डिंपलला भात दिसू नये म्हणून त्यांनी स्वतःही भात सोडला. दोन्ही वेळा ज्वारीची भाकर आणि पातळ वरण. भातावर वाढलेली माणसं ती. अंकुश भाकरीचा तुकडा बराच वेळ चघळत बसायचा आणि पाणी पिऊन उठायचा. तांदूळ लागत नव्हता, म्हणून धानाचं एकही पोतं गिरणीत गेलं नाही. सगळी पोती मधल्या खोलीत छतापर्यंत तशीच रचलेली राहिली. आणि पोरीला बाहेरची हवा लागू नये म्हणून तिची जुनी कापसाची गादी त्याच खोलीत, पोत्यांना लागून टाकली. खिडकी बंद केली. वरून दोन गोधड्या दिल्या. कोणाला वाटेल, की आता पोरगी बरी होणार.

पण ती बरी झाली नाही. शिंका वाढल्या. शीळ वाढली. आणि खाणं तुटल्यामुळे गाल बसले. ती स्वयंपाकघरात आली की आधी वर माझ्याकडे पाहायची आणि मग निघून जायची. माझ्यामुळे त्या पोरीला त्रास होतो आहे, असं मला वाटू लागलं. मी रिकामा होतो, तरी मला माझंच ओझं होत होतं.

उन्हाळा लागला. परीक्षेच्या दिवशी डिंपल शाळेत चक्कर येऊन बसली आणि बाईंनी निरोप पाठवला, की हिला चांगल्या डॉक्टरकडे न्या. त्याच संध्याकाळी पार्वताबाईंनी मला फळीवरून खाली काढलं.

"भंडाऱ्याले जाऊनच राहिले तर हा गंजही मोडीत देऊन टाक," त्या अंकुशला म्हणाल्या. "एखादं स्टीलचं भांडं घे. गंज पाह्यला का पोरगी आवंढा गिळते. मले नाई पाहावत."

"माय, तुह्या लग्नातला आहे तो."

"माहं लगन कवाचंच होऊन गेलं. पोरगी अजून वाढाची आहे."

"आणि पौर्णिमेची खीर?" रत्नमालाने विचारलं.

"यंदा नाई करत. पोरगी खाणार नाई ते खीर मी कोणाले वाटू?"

मला राग आला नाही, मित्रांनो. वाईट फार वाटलं, पण राग आला नाही. ज्या बाईने मला आयुष्यभर राखेने घासून लखलखीत ठेवलं, तिने नातीसाठी मला सोडायचं ठरवलं होतं. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ऑटोने निघालो. मी पोत्यात, पार्वताबाईंच्या पायांजवळ. पुलावरून जाताना वैनगंगेचा वारा पोत्याच्या विणीतून आत आला. डिंपल पुलावर एकदाही शिंकली नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण भांड्याला कोण विचारतो?

आधी दवाखाना, मग भांड्यांचं दुकान असं ठरलं होतं. त्यामुळे मीही डॉक्टरबाईंच्या खोलीत खुर्चीखाली जाऊन बसलो. त्यांनी डिंपलची छाती तपासली, नाकात पाहिलं, नळीत फुंकायला लावलं. अंकुशने लाल गोल केलेला कागद पुढे सरकवला आणि तीन महिन्यांपासून भात बंद असल्याचं सांगितलं. त्यांनी तो पाहिला, पण लगेच बाजूला ठेवला आणि सरळ डिंपलकडे वळल्या.

"भात खाल्ल्यावर तुला काय होत होतं गं?"

डिंपलने थोडा विचार केला. "झोप येत होती."

डॉक्टरबाई हसल्या. "ती मलाही येते. अंगावर गांधी उठत होत्या? ओठ सुजत होते? उलटी?"

"नाई."

"दूध प्यायल्यावर? पोळी, शेंगदाणे?"

"काहीच नाई होत होतं. वांगं खाल्ल्यावर कसंतरी होते."

"वांगं तिले आवडत नाई जी," रत्नमाला हळूच म्हणाली.

"शिंका कधी येतात?"

"सकाळी उठल्यावर. मामाच्या गावाले गेली होती तवा नाई आल्या."

"मामाकडे कुठे झोपायचीस?"

"अंगणात, खाटेवर."

"आणि घरी?"

"धानाच्या खोलीत."

मग डॉक्टरबाईंनी कागद पुन्हा घेतला. "हे बघा, भातापुढचा आकडा लहान आहे. गव्हाचा, दुधाचाही लहानच. रक्ताची तपासणी एवढंच सांगते, की तिच्या शरीराने ही वस्तू ओळखून ठेवली आहे. ओळख असली म्हणजे भांडण असतंच असं नाही. भांडण आहे का, ते खाल्ल्यावर काय होतं यावरून ठरतं. आणि ही मुलगी जन्मापासून भात खाते आहे, तिला काहीही झालेलं नाही." त्यांनी पान उलटलं. "हे पान पाहिलंत?"

अंकुश खाली मान घालून म्हणाला, "ते खाण्याचं नव्हतं जी. म्हणून सोडून देल्लं."

"सगळ्यात मोठा आकडा इथेच आहे. घरातल्या धुळीतल्या किड्याचा. हा डोळ्याला दिसत नाही. जुन्या गादीत, उशीत, गोधडीत राहतो. तिचा सगळा त्रास याच्याशी जुळतो. त्यात पोत्यांची धूळ आणि बंद खिडकी."

रत्नमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. "रोज झाडणं-पुसणं होते जी आमच्या घरी."

"घर घाण आहे असं मी मुळीच म्हणत नाही, ताई. हा किडा स्वच्छ घरातही असतो, माझ्याही घरी आहे. फक्त हिला तो सोसत नाही, एवढंच."

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. पोती दुसरीकडे हलवायची. गादी-गोधड्या कडक उन्हात घालायच्या, उशीला घट्ट विणीची खोळ शिवायची, चादरी गरम पाण्यात धुवायच्या, फडकं ओलं करून पुसायचं. छातीसाठी ओढायचा पंप दिला. पंपाची सवय लागते का, हे पार्वताबाईंनी दोनदा विचारलं आणि डॉक्टरबाईंनी दोन्ही वेळा न चिडता नाही म्हणून सांगितलं. उठता उठता त्यांचा पाय खुर्चीखालच्या पोत्याला लागला आणि मी ठणकन वाजलो.

"हे काय आणलंय?"

"गंज होय जी," पार्वताबाई ओशाळून म्हणाल्या. "भाताचा. मोडीत द्याले आणला."

डॉक्टरबाईंनी पोतं थोडं सारून माझ्या काठावरचं नाव वाचलं. "पार्वता म्हणजे तुम्ही?"

"हो जी."

"मग हा परत न्या. उद्या यातच मऊ भात करा आणि डब्यात घालून हिला इथे घेऊन या. तीन महिने बंद होता, म्हणून पहिला घास माझ्या डोळ्यांसमोर. बाकीचंही असंच, मी सांगेन तसं एकेक करून सुरू करू. आणि यापुढे तपासणी करायची तर आधी विचारा, मग करा."

पोत्यात मी किती सुखावलो ते काय सांगू. पितळेला रडता येत नाही, हे त्या दिवशी बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर चढलो. पाण्याला आधण आलं, घरात उरलेले जुने तांदूळ पडले, आणि इतक्या दिवसांनी माझ्या पोटात खदखद सुरू झाली. पार्वताबाईंनी डबा भरला आणि उरलेला भात माझ्यात झाकून ठेवला. सगळे गेले. घरात मी एकटा. मला धीर नव्हता. डॉक्टरबाईंचं बोलणं पटलं होतं, तरी मनात येत होतंच, की चुकून पोरीला काही झालं तर? उन्हं अंगणात आली, उंबऱ्यापर्यंत आली. शेवटी ऑटोचा आवाज आला, पाठोपाठ धावती पावलं आली आणि माझ्यावरचं झाकण उघडलं गेलं.

"आजी, गंजात उरला का?"

वर डिंपलचं तोंड होतं. ओठाला भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. तिला काहीच झालं नव्हतं. थंड झालेला तो भात त्या दिवशी चौघांनी नुसत्या वरणासोबत खाल्ला. अंकुश मध्येच जेवता जेवता थांबला. "म्या पोरीले उगाच उपाशी मारलं, माय," तो म्हणाला. पार्वताबाईंनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "जीवापायीच केलं ना रे. खाय आता."

मग घरात मोठी उलथापालथ झाली. पोती मागच्या कोठ्यात गेली. भंडाऱ्याच्या वैशाखी उन्हात गादी दिवसभर तापली. खिडकी उघडली. चादरींना गरम पाणी लागतं म्हटल्यावर अंकुशने माझ्याकडे हात केला होता, पण पार्वताबाईंनी असे डोळे वटारले, की तो निमूटपणे बादली शोधायला गेला. शिंका एका दिवसात पळाल्या नाहीत. आधी कमी झाल्या, मग एखादी सकाळ त्यांच्यावाचून गेली, मग दोन. पंप अजून चालू आहे. दूध, पोळी, शेंगदाणे असं सगळं डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली परत आलं. वांगं तेवढं मला चालत नाही असं डिंपल अजून सांगते, आणि कोणी तिला रिपोर्ट दाखवायला जात नाही.

मित्रांनो, आता माझं एक मागणं ऐका. कधी असा रिपोर्ट तुमच्या घरी आला, तर लाल पेन उचलण्याआधी तो कागद जाणत्या डॉक्टरांपुढे ठेवा. आणि ज्याचं रक्त तपासलं त्यालाही विचारा, की तुला कुठे, कधी आणि कशाने त्रास होतो. आमच्या घरात तीन महिने सगळे कागदाशीच बोलत होते. डिंपलला विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं.

बुद्ध पौर्णिमेच्या आधी मला नवी कल्हई झाली. खीर शिजली, विहारात गेली, वस्तीने खाल्ली. रिकामा होऊन मी घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. पार्वताबाईंनी मला जमिनीवर ठेवलं आणि कोनाड्यातून शिंपी काढून डिंपलच्या हातात दिली.

"जपून खरवडजो. नवी कल्हई आहे," अंकुश म्हणाला.

"खरवडू दे तिले," पार्वताबाई म्हणाल्या. "कल्हई परत लावता येते."

डिंपलने मला दोन पायांत धरलं, वाकली आणि खरखर, खरखर सुरू झाली.