डोंगर पोखरून किटली

राजकन्येची किटली होते. झाकणासकट.

दहापैकी चार.

गॅसवर दुधाचं पातेलं, आणि लक्ष ठेवायला कोणी नाही.

सासऱ्यांचं भाषण. आवाज खणखणीत, आशय पातळ. साडेपाच.

एक माणूस खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन बसतो तो सहा वर्षं उठत नाही.

"लहान मुलांच्या हाती हा खेळ देण्याआधी पालकांनी रुमाल जवळ ठेवावा."

ह्या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे. जरा दम धरा.

सासऱ्यांना जाहीरपणे साडेपाच गुण देणारा तो मास्तर. शाळेशी त्याचा काही संबंध नव्हता. तो व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचा, आणि दिसेल त्या वस्तूला दहापैकी गुण द्यायची खोड असल्यामुळे दोस्तांनी त्याला हे नाव चिकटवलं होतं. खुर्चीत पाय वर घेऊन बसणारा तो बेडूक, मास्तरचा कॉलेजपासूनचा जिवलग. बेडकाने चांगली नोकरी सोडून, एका खोलीत बसून, एक गेम बनवला होता. चेटकिणीच्या शापाने किटली झालेली राजकन्या. तोटीतून निघणारी वाफ हीच तिची तलवार. समोर चमच्यांची फौज, आणि फौजेमागे एक राक्षस, ज्याचा जीव त्याच्या कोटाच्या सगळ्यात खालच्या बटणात. हा गेम बुडाला तर बेडूकही बुडणार होता. मास्तरला हे ठाऊक होतं.

म्हणूनच तर तो कडक झाला. मित्राचा गेम म्हणून एक गुण जास्त पडेल की काय ह्या धास्तीने त्याने निःपक्षपातीपणाचा असा काही सपाटा लावला, की एक गुण कमीच दिला. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्या थोपटण्याला मनातल्या मनात नऊ.

परीक्षणाचं शीर्षक होतं 'डोंगर पोखरून किटली'. मजकुराचा मासला असा:

*किटली गोड आहे. चमचे तर फारच गोड आहेत. एक भित्रा चमचा लढाई सोडून साखरेच्या डब्यात लपतो तेव्हा हसू आवरत नाही. पण दोन तास होतात न होतात तोच राक्षस किटली फोडतो आणि गेम खलास! सहा वर्षं खपून एवढंच? आणि परीकथेचा शेवट ठिकऱ्यांनी? ह्याला धाडस म्हणायचं की कंटाळा?*

सगळ्यांत आधी छापून आलेलं परीक्षण ते हेच. त्या बाबतीत मास्तरचा हात धरणारं कोणी नव्हतं. पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं सरकू लागली रे लागली, की हा गेम बंद करून लिहायला बसायचा. इतर लोक नावं बघेपर्यंत ह्याचं छापून व्हायचं. आणखी एका मिशाळ समीक्षकाने त्याच ठिकऱ्यांना 'आपल्या काळाची शोकांतिका' ठरवून, पालकांना रुमाल जवळ ठेवायला सांगून, नऊ गुण दिले. मग त्या दोघांची जाहीर जुंपली. शेवट धाडसी की आळशी? वाचक दोन्ही बाजूंनी तुटून पडले. बेडूक तेवढा गप्प होता.

रविवारी दुपारी मास्तरची बायको तोच गेम घेऊन बसली. ती दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावल्यावर तिला सुट्टीच्या दिवशी तोंड नसलेलं कोणीतरी हवं असायचं, आणि किटलीला नुसती तोटी होती. किटली फुटली, नावं सरकू लागली, आणि तेवढ्यात तिला दुधाची आठवण झाली. ती स्वयंपाकघरात पळाली. गेम तसाच चालू.

परत आली आणि तिथेच उभी राहिली.

"अरे, इकडे ये."

"लिहितोय."

"तुझा शेवट हलतोय."

"म्हणजे?"

"किटलीचे तुकडे उठलेत. नावांवर पाय देऊन वर चढतायत. ते बघ, संगीतकाराच्या नावावरून घसरले!"

मास्तर आला. काळ्या पडद्यावर नावांच्या ओळींचा जिना झाला होता. एकेक तुकडा त्यावरून वर चढत होता, भित्रा चमचा खालून त्यांना ढकलत होता. वर पोचल्यावर पडदा कागदासारखा फाटला आणि पलीकडे एक अख्खं राज्य दिसलं. डोंगर, जहाजं, उलटं टांगलेलं एक शहर. कोपऱ्यात अक्षरं उमटली: 'आता खरी सुरुवात.'

"तू हे पाहिलं नव्हतंस?" बायकोने विचारलं.

मास्तर पडद्याजवळ सरकून ती अक्षरं पुन्हा वाचू लागला.

"तू नावं आल्यावर उठलास!"

"सगळे उठतात."

"मी दूध बघायला उठले. तू गुण द्यायला उठलास."

दूध मात्र उतू गेलं नव्हतं.

मास्तरने बेडकाला फोन लावला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या ओळीपासून," बेडूक म्हणाला. "पुढच्या राज्याबद्दल एक शब्द नाही, म्हणजे मास्तर गेटावरून परत गेले."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"काय बोलू? 'नावं आली तरी उठू नका'? ही एकच गंमत जपायला सहा वर्षं घातली. स्वतःला वाचवायला तीच फोडू?"

"मी खुलासा छापतो."

"छाप की. पण त्यात तू काय चुकलास ते लिहिलंस, तर पुढे खेळणाऱ्या प्रत्येकाची मजा जाईल. नाही लिहिलंस, तर लोक म्हणतील गडी विकला गेला."

मास्तर लिहायला बसला.

मसुदा पहिला: *तांत्रिक कारणांमुळे...* खोडला. तंत्राने काय घोडं मारलं होतं?

मसुदा दुसरा: *पुनर्विचारांती असे जाणवते की...* खोडला. विचारच नव्हता, पुन्हा कुठला?

मसुदा तिसरा: *मी हा गेम पूर्ण न खेळता परीक्षण लिहिलं. गेमचा शेवट मी पाहिलेलाच नाही. हे कसं घडलं ते सांगणार नाही. ते गेमच्या नव्हे, माझ्या अकलेच्या मर्यादेमुळे घडलं. चार गुण परत घेतले आहेत. ते मला द्यावेत.*

संपादकबाईंनी वाचून चष्मा काढला.

"कारण लिहा."

"नाही लिहिता येत, मॅडम."

"मित्राचा गेम आहे ना तो? उद्या लोक काय म्हणतील कळतंय? आयुष्यभर निःपक्षपाती म्हणून मिरवलात तुम्ही."

"तेवढंच तर होतं माझ्याकडे."

"मग?"

"छापा."

छापलं, तेही पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत. संध्याकाळपर्यंत मास्तरचं पार भजं झालं. 'दोस्ताने किती चारले?' 'मास्तर नापास.' 'ह्यांच्या सासऱ्यांनी आता ह्यांना गुण द्यावेत.' सासऱ्यांनी दिले. फोन करून दिले. दोन. मिशाळ समीक्षकाने मात्र चकार शब्द काढला नाही, आणि आपला लेख इंटरनेटवरून हळूच काढून टाकला.

लोकांना एकच प्रश्न पडला: हा माणूस थांबला तरी नेमका कुठे? ते शोधायला शेकडोंनी गेम विकत घेतला. ज्यांना ती जागा सापडली ते पोट धरून हसले, आणि आश्चर्य म्हणजे कोणी ती फोडली नाही. बेडूक बुडाला नाही. तरंगला, एवढंच म्हणता येईल.

पुढे मास्तर प्रत्येक गेमची नावं शेवटच्या अक्षरापर्यंत बघू लागला. सिनेमा थिएटरातही बसून राहायचा. झाडूवाले येऊन त्याच्या पायांखालून झाडू फिरवायचे, बायको बाहेर ताटकळायची.

किटलीच्या गेममधल्या त्या खोट्या शेवटाची कल्पना मुळात मास्तरचीच होती. बेडकाने नोकरी सोडली त्या वर्षी, बसच्या थांब्यावर उभ्या उभ्या मास्तरने त्याला ती सांगितली होती, आणि बस आल्यावर विसरून गेला होता.