तपकिरीच्या जागी काळं

सील दोन बोटांत धरून दाबलं की दबायला हवं. हे दबत नव्हतं. काळ्या रबराची ती कडी एका बाजूला तडकली होती, आणि तडकलेल्या कडेला नख लावलं की बिस्किटासारखा चुरा पडत होता... महानंदाच्या टेबलावर, तिच्या मॅनेजरने, रघुनंदनने, सकाळीच आणून ठेवलेल्या अपघाताच्या अहवालावर. बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या कारखान्याने नमुना म्हणून ते पाठवलं होतं. एकशेऐंशी अंशांच्या तेलाच्या पंपात ते आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी भर दुपारी फुटलं तेव्हा समोर शिवाप्पा होता, तिथला फिटर. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तिने फुंकर मारून चुरा उडवला. खालचं वाक्य पुन्हा दिसलं. 'माहिती देणाऱ्या व्यक्तीने पर्यायी भागांची दिशा स्पष्ट केली नव्हती.' त्याखाली तिच्या सहीसाठी रेघ.

माहिती देणारी व्यक्ती! नावसुद्धा लिहायची लाज वाटली यांना. मल्हारराव... छत्तीस वर्षं त्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस. तो निवृत्त होण्याआधी त्याच्या डोक्यात आहे ते सगळं कॉम्प्युटरमध्ये यावं म्हणून गेल्या वर्षी चार महिने ती दर मंगळवारी कोरमंगलाच्या या सॉफ्टवेअर ऑफिसऐवजी पीण्याला जायची. तो बसवनगुडीचा; त्याचं घराणं बेंगळुरूत किती पिढ्यांपासून आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ती निपाणीची. त्याच्या मराठीला ती हसायची, तिच्या कन्नडला तो. पण सांगायला बसला की तो हसायचा नाही.

"अक्का, तपकिरी सील काळ्याच्या जागी चालतं. काळं तपकिरीच्या जागी चालत नाही. गरम तेलात तर जीव गेला तरी नाही. लिहिलं?"

"लिहिलं, अण्णा."

"वाचा स्वल्प, थोडं वाचून दाखवा."

आणि ती वाचून दाखवायची. दर वेळी. दिशा स्पष्ट केली नव्हती म्हणे!

तिने लिहिलंही तसंच होतं. तिने केलेली ऑन्टॉलॉजी, म्हणजे त्याच्या ज्ञानाचा नकाशा, ही वस्तूंची नुसती यादी नव्हती. कोण कोणत्या जातीचं, कोण कशाचा भाग, कोण कुणाच्या जागी चालतं आणि कुठे चालत नाही, हे सगळं अर्थासकट. एकोणीस प्रकारची नाती होती त्यात, आणि 'च्या जागी चालतं' हे नातं उलटं करता येत नाही, हे तिने यंत्राला बजावून ठेवलं होतं. मग ते सगळं कारखान्याच्या जुन्या डेटाबेसमध्ये, ओळी आणि रकाने असलेल्या टेबलांत भरायची वेळ आली. अर्थ न सांडता भरता आलं असतं. प्रत्येक नात्याचं वेगळं टेबल, अटीला वेगळा रकाना, चुकीची ओळ आत येऊ न देणारे नियम — तीन आठवडे जास्त लागले असते, बस. डेटाबेसचं काम करणाऱ्या अभिमन्यूने एकच टेबल केलं. हा भाग, तो भाग, आणि मध्ये एक शब्द: संबंधित. एकोणीस नात्यांचा एक शब्द! दोन्हीकडून शोधलं तरी सापडतं, किती सोयीचं. तपकिरी सील संपलं होतं, शिवाप्पाने स्क्रीनवर पर्याय शोधला, आणि काळ्या सीलपुढे हिरवी खूण उमटली.

अकरा वाजता रघुनंदन खुर्ची ओढून बसला.

"महानंदा, कोणाला ब्लेम करायचा प्रश्नच नाहीये. ते तर रिटायर झालेत. त्यांना काय फरक पडतो? तू फक्त साइन कर."

"त्यांनी दिशा सांगितली होती."

"रेकॉर्ड आहे?"

"माझ्या फाइलमध्ये आहे."

"ती फाइल प्रॉडक्शनमध्ये, लाइव्ह सिस्टिममध्ये नाहीये ना," तो समजुतीने म्हणाला, लहान मुलीला सांगावं तसा. "सिस्टिममध्ये जे आहे, तेच आहे."

जे तुम्ही आत येऊच दिलं नाही ते नव्हतंच, असं? तिला टेबल उलथावंसं वाटलं, त्याच्या त्या समजूतदार तोंडावर अहवाल फेकावासा वाटला... ती फक्त म्हणाली, "दुपारपर्यंत सांगते."

जेवण गेलं नाही. दोनच्या सुमाराला मल्हाररावांचा फोन आला. ती जिन्यात गेली.

"अक्का, काल शिवाप्पाच्या घरी जाऊन आलो. हात बघवत नाही हो. त्याची माफी मागितली."

"तुम्ही? कशाबद्दल?"

"कारखान्यातून फोन आला होता. म्हणाले, तुम्ही सांगितलेलं चुकलं. मीच उलटं सांगितलं असणार. वय झालं... सरी, ठीक आहे, होतं असं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. छत्तीस वर्षांत ज्याने एक वॉशर चुकीचा दिला नाही, तो माणूस स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास असा मुकाट्याने टाकून बसला होता.

"नाही अण्णा!" तिचा आवाज जिन्यात घुमला. "तुम्ही सरळ सांगितलं होतं. मी वाचून दाखवलं होतं तुम्हाला."

त्याने हळूच विचारलं, जणू तिलाच दुखेल अशा बेताने —

"मग उलटं कुणी केलं, अक्का?"

अभिमन्यू. रघुनंदन. दोन्ही नावं ओठावर तयार होती, सकाळपासून तयार होती. आणि त्यांच्या मागून मार्चमधला तो मेल वर आला, जो तिला आठवत नव्हता असं नाही. आठवायचं नाही म्हणून बाजूला सारत होती. दोन आठवडे ती भांडली होती. मग घरी जायचं तिकीट काढलेलं, डोकं दुखत होतं, आणि एका टेबलाच्या त्या आराखड्याखाली तिने लिहून टाकलं होतं: 'ठीक आहे, सध्या चालेल.' मी लिहिलं होतं. चालत नाही हे बेंगळुरूत दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यातली एक मी.

राग गेला नाही. कणभर उतरला नाही. रघुनंदन अजूनही तेवढाच खोटा होता, ते वाक्य अजूनही तेवढंच नीच. पण सकाळपासून हा राग तिला उभं धरत होता, आणि आता ती जिन्याच्या पायरीवर बसली तेव्हा तो आधाराला आला नाही. आतल्या आत बसून राहिला, तिच्याकडे बघत. तिला भीती वाटली, आणि भीतीबरोबरच, कितीतरी महिन्यांनी, काय खरं आहे ते लख्ख कळलं.

"अक्का? आहात ना?"

"आहे, अण्णा," ती म्हणाली. पुढचं वाक्य 'मी'पासून सुरू होणार होतं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं.