बंदुकीच्या पेटीची साक्ष

मी पेटी बोलतेय. लोखंडी, हिरवी, हातभर लांब आणि तोंडाची घट्ट. ज्या कोर्टात माणसांची तोंडं घटकाभर मिटत नव्हती, तिथे मला मेलीला एका शब्दानं कुणी विचारलं नाही. सगळा खटला माझ्यावर, आणि मलाच विचारायचं नाही! म्हणून आता तुम्हाला सांगते.

पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवली. ओरिन हॉकनबेरीनं मला दुकानातून घरी आणली तेव्हा तो शाळेची बस चालवायचा. वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर ठेवायला त्याला काहीतरी भक्कम हवं होतं. आपल्या फाटक्या लोकरी शर्टाचा तुकडा त्यानं माझ्या तळाशी अंथरला. गोळ्या मात्र माझ्यात कधी ठेवल्या नाहीत. त्या ट्रकच्या मागच्या हौद्यात, अवजारांच्या खोक्यात, वेगळ्या कुलपाखाली.

माझं कुलूप लावलं की झाकण दोनदा ओढून बघायचा. त्याची बायको आयव्ही हसायची. "अरे, पेटी आहे ती, गाईचा सड नव्हे!"

दर नोव्हेंबरात आम्ही व्हरमाँटला जायचो, आयव्हीच्या भावाकडे, लाइलकडे. हरणाचं मटण शिजायचं, म्हातारे एकमेकांना टोमणे मारायचे आणि माझ्यातलं रिव्हॉल्व्हर वर्षातून एकदा बाहेर येऊन रिकामे डबे उडवायचं. मग आयव्हीची मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला डायलिसिसला न्यायचं काम ओरिनचं. तीन वर्षं तो कुठे हलला नाही.

गेल्या नोव्हेंबरात आयव्हीनंच त्याला घराबाहेर काढला. "चार दिवस माझी बहीण आहे इथे. तू जा एकदाचा लाइलकडे. तुझं तोंड बघून माझं रक्त आटायला लागलंय, त्या मशिनला काय उरणार?"

आता कायद्याचं सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. पेनसिल्व्हेनियात ओरिनकडे हत्यार बाळगायचा परवाना होता. व्हरमाँटमध्ये परवाना कुणी मागत नाही. पण मध्ये न्यूयॉर्क राज्य लागतं, आणि तिथे आमचा परवाना म्हणजे रद्दी. नुसतं पार होणाऱ्याला देशाचा एक कायदा तेवढा सांभाळून घेतो. हत्यार रिकामं हवं, आणि गाडीला डिकी नसेल तर ते कुलूपबंद पेटीत हवं. ट्रकला कुठली डिकी? म्हणजे राहिले मी. मी बंद असले तर ओरिन वाटसरू, मी उघडी असले तर ओरिन गुन्हेगार.

त्या दुपारी मी सीटच्या मागे होते. कुलूपबंद, किल्ली ओरिनच्या खिशात. ट्रकचा मागचा दिवा गेला होता, म्हणून न्यूयॉर्कच्या हद्दीत एका पोलिसानं आम्हाला थांबवलं. तरणाताठा, बोलायला नीट. ओरिननं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गाडीच्या लायसन्ससोबत हत्याराचा परवानाही पुढे केला. आमच्याकडे कुणी मागो न मागो, दोन्ही एकत्रच देतात. पोलीसही मग "बरं झालं सांगितलंत" म्हणून जाऊ देतो. या पोलिसानं कागद न बघताच घेतले आणि तो आपल्या गाडीकडे गेला.

आणि इथे माझ्या भल्या माणसानं घात केला. त्याला वाटलं, आता हा येऊन रिव्हॉल्व्हर बघायला मागणार. त्या बिचाऱ्याला थंडीत ताटकळत कशाला ठेवा? तो वळला, खिशातून किल्ली काढली आणि माझं कुलूप उघडून झाकण वर केलं. अरे नको रे बाबा, नको, असं मी जीव तोडून ओरडत होते. पत्र्याचं ओरडणं कोण ऐकतो? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पोलीस परत आला तेव्हा त्याचा हात कमरेवर होता. "गाडीत हत्यार आहे?"

"आहे ना साहेब," ओरिन हसून म्हणाला. "तुमच्यासाठी पेटी उघडूनच ठेवलीय."

पुढे काय झालं ते भरभर सांगते, सांगवत नाही. बेड्या पडल्या. कागदावर लिहिलं गेलं, 'पेटी उघडी, हाताशी.' तिथल्या कायद्यात आणखी एक मेख आहे. गोळ्या त्याच माणसापाशी असल्या, तर रिकामं हत्यारही भरलेलंच धरतात, आणि गोळ्या तर मागच्या हौद्यात होत्याच. म्हणजे कमीत कमी साडेतीन वर्षं तुरुंग. ओरिन अडुसष्ट वर्षांचा. जामिनावर तो घरी गेला आणि मी गळ्यात चिठ्ठी बांधून पोलिसांच्या कोठारात पडले. तिथे एकच विचार मला कुरतडत होता. हा आत गेला तर आयव्हीला दवाखान्यात कोण नेणार? आणि तिच्याकडे साडेतीन वर्षं आहेत तरी का?

फेब्रुवारीत सुनावणी लागली. मला नेऊन कोर्टातल्या टेबलावर ठेवलं. तीन महिन्यांनी ओरिन दिसला. कोट अंगावर लोंबत होता इतका वाळला होता. त्याची वकील, रोझान अब्रुझी, ठेंगणी, चष्म्यावरून बघणारी बाई. न्यायाधीश यायचे होते. ती माझ्याशेजारीच कागद टेकवून हळू आवाजात बोलू लागली.

"हॉकनबेरीसाहेब, पोलिसाच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात तुम्ही मागे वळताना दिसता. मी म्हणणार, कुलूप उघडायला वळले. सरकारी वकील म्हणणार, पेटी उघडीच होती, हत्यार घ्यायला वळले. चित्र एकच आहे."

"पण मी कुलूप उघडलं, बाई! शपथेवर सांगतो."

"माझा विश्वास आहे. लढलो तर माझ्या मते आपण जिंकू. पण 'माझ्या मते' एवढ्यावर मी तुम्हाला जुगार खेळा म्हणणार नाही. सरकारी वकिलांनी आत्ताच निरोप दिलाय. विनापरवाना हत्यार बाळगलं, एवढा लहान गुन्हा कबूल करा. तुरुंग नाही. रिव्हॉल्व्हर आणि पेटी जप्त. न्यायाधीश यायच्या आत सांगायचंय."

"न केलेला गुन्हा कबूल करू?" ओरिनचा आवाज चढला. "आयव्ही, तू सांग हिला. आजवर मी कधी..."

आयव्ही चाकाच्या खुर्चीत मागेच बसली होती. दंडाला पट्टी होती. "तू खरा आहेस हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "जगाला पटवून मला काय करायचंय? येत्या मंगळवारी मला गाडीत कोण बसवणार, ते बोल."

"अगं, पण..."

"पण नको. भीती वाटते रे मला."

ओरिन खाली बसला. मग म्हणाला, "बाई, सांगा त्यांना. करतो कबूल."

न्यायाधीशबाई आल्या. सगळे उभे राहिले. ओरिननं शपथ घेतली. कुणी धमकावलं का? नाही. हत्यार तुमचंच का? हो. न्यूयॉर्कचा परवाना होता का? नव्हता. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात बाईंनी एक कागद उलटला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुमच्या वकिलांच्या आधीच्या अर्जात पेटी कुलूपबंद होती असं लिहिलंय. ते खरं असेल तर हा गुन्हाच होत नाही. मग ही कबुली मला घेता येणार नाही, खटला चालवावा लागेल. तुम्हीच सरळ सांगा. पोलिसानं गाडी थांबवली तेव्हा पेटीला कुलूप होतं का?"

रोझानबाई ताडकन उठल्या. "न्यायमूर्ती, मला अशिलाशी बोलायला पाच मिनिटं द्या." खोटं बोल असं त्या सांगणार नव्हत्या, आणि खरं बोल असं सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

ओरिननं हात वर करून त्यांना थांबवलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, पुरतं बघितलं. मग मान फिरवली आणि मागे आयव्हीकडे बघत म्हणाला, "नव्हतं."

"नक्की?"

"नक्की. कुलूप नव्हतं."

कबुली मंजूर झाली. खुर्ची ढकलत तो आयव्हीला बाहेर नेऊ लागला. आयव्ही रडत होती, तो रडत नव्हता. दाराशी त्याचे शब्द ऐकू आले. "चल. रस्त्यावर बर्फ साचायच्या आत घरी पोचू."

मी पुन्हा कोठारात आहे. माझं नाव वितळवायच्या यादीत लागलंय. कुठला दिवस ते ठाऊक नाही. राग नाही हो माझा ओरिनवर. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच बोलले असते. तुम्ही हत्यार बाळगत असाल आणि हद्द ओलांडणार असाल, तर पलीकडचा कायदा आधी वाचा, आणि पोलिसानं मागितल्याशिवाय कुठलंही झाकण उघडू नका, एवढंच माझं सांगणं. आणि कधी ओरिन भेटला तर त्याला म्हणावं, पेटीनं सगळ्यांना खरं सांगितलंय, तू खुशाल झोप.

कुलूप होतं.