घोट्यावरची नवी कातडी

तिसगावच्या बनुबाईंना कांदे खुरपताना घोट्यावर खुरपं लागलं आणि लिंबाच्या चकतीएवढी कातडी सोलून निघाली. डॉक्टरांनी पट्टी बांधली, पाय हलवू नका म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई पट्टीसकट वावरात. भरत आलेली जखम पुन्हा पुन्हा उकलत राहिली.

अशात त्यांची नात निकिता पुण्याहून आली. ती तिथे एका प्रयोगशाळेत कातडीच्या पेशींवर संशोधन करते. पट्टी बदलताना ती जखमेकडे टक लावून बघत बसली.

"काय दिसतंय गं त्यात?" आजीने विचारलं.

"ही गुलाबी कड बघ. इथून नवी कातडी आत सरकतेय."

"सरकतीय? कातडीला काय पाय हायेत?"

निकिताने मोबाईलवर आपल्या प्रयोगाचा व्हिडिओ लावला. बशीत पेशींचा थर, मधोमध मोकळी जागा. दोन्हीकडून पेशी पुढे येत होत्या. कडेच्या पेशी पातळ पदर पसरून खालची जमीन पकडत, मग अंग ओढून घेत.

"म्हंजी म्होरच्या वढत्यात आन् मागच्या फरफटत येत्यात."

"आधी आम्हालाही तसंच वाटायचं. पण मागच्या रांगासुद्धा जमीन धरून ओढतात. शिवाय शेजारणीला सोडत नाहीत. त्या ओढीचा ताण सगळ्या थरात पसरतो."

बनुबाईंनी व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग घोट्याकडे बघत विचारलं, "आन् मी चालले की?"

"घोटा वाकतो, नवा थर फाटतो. मग पुन्हा पहिल्यापासून."

डॉक्टरांचं सांगणं हेच होतं, पण आपण काय फाडत होतो ते आज त्यांना दिसलं होतं. कांद्याचं काम मुलावर, सुनीलवर सोपवून त्या पाय लांब करून ओट्यावर बसल्या. प्रत्येक वेळी पट्टी बदलताना निकिताकडून फोटो काढून घेत, कालच्याशी ताडून बघत.

"ही बाजू का गं मागं ऱ्हायली?"

"माहीत नाही आजी," निकिता म्हणाली आणि स्वतःच वाकून बघू लागली.

ती पुण्याला परतल्यावर एका दुपारी आजीचा फोन आला. "मिळाल्या गं कडा एकमेकींला! पन आता थांबा म्हनून त्यास्नी कुनी सांगितलं?"

"चहूकडून दाटी झाली की थांबतात. ती दाटी त्यांना कशी कळते, ते पूर्ण समजलेलं नाही. तेच शोधतोय."

"मंग शोध की. आन् घावलं की आदी मला सांग."