चार दांडगी अंडी

कसाऱ्याला निघताना लहानीनं नवऱ्याला सगळं दोनदा समजावलं. लेकीचं, काजलचं, दुसरं बाळंतपण सासरीच होणार होतं, म्हणून लहानी महिना-दीड महिना तिकडेच राहणार होती. घरी जैतू एकटा, आणि चुलीमागच्या डालग्यात खुडूक बसलेली कोंबडी. तिच्या पोटाखाली चार दांडगी अंडी होती.

ती जैतूनंच आणलेली. सिद्धगडच्या वाटेवरच्या एका फार्महाऊसवर तो राखणीला होता. तिथल्या तळ्यावरची राजहंसाची मादी कोल्ह्यानं नेली आणि मॅनेजर म्हणाला, अंडी टाकून दे. जैतूच्यानं टाकवेनात.

"एकवीस दिवसांत पिल्लं भायेर येतील," लहानी म्हणाली. "जड हायेत, कोंबडीला फिरवायला जमायचं नाय. सकाळ-संध्याकाळ तुमीच उलटी करा. बाकी कायपण करू नका."

जैतूनं भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढली. एकविसावी रेघ ओढून तो डालग्याजवळ बसून राहिला. काहीच झालं नाही. संध्याकाळी त्यानं फोन लावला.

"निघाली नायत."

"दिवस चुकला असाल तुमी."

"रेघा हायेत ना भिंतीवर."

"बदकाला अठ्ठावीस लागतात म्हणं," लहानी म्हणाली.

"ही बदकाची नायत. राजहंसाची हायेत."

"मग मला काय इचारता?"

शेजारची ठकी येऊन वास घेऊन गेली. नासली असणार, फुटली की घरात बसवणार नाय, असं तिचं मत पडलं. जैतूनं एक अंडं बाहेर नेण्यासाठी उचललं. ते हाताला गरम लागलं, तसं त्यानं परत ठेवलं. तीन दिवसांनी कोंबडीच उठली. अंगणात जाऊन धुळीत लोळली आणि दाणे टिपायला लागली. जैतूनं तिला धरून दोनदा डालग्यात बसवली, ती दोनदा उडी मारून पळाली. तिनं हिशेब सोडला म्हणजे आत काही नाही, असं समजायचं, की तिलाही माहीत नाही, हे त्याला कळेना.

शेवटी त्यानं डालग्यात नवा पेंढा घातला, वर जुनी गोधडी टाकली आणि पिवळा बल्ब सोडला. मग त्याला आठवलं, तळ्यावरची मादी पाण्यातून आली की ओल्या पिसांनीच अंड्यांवर बसायची. त्यानं कोमट पाण्यात बोटं बुडवून अंड्यांवर शिंतोडे मारले. बरोबर की चूक, सांगणारं कुणी नव्हतं.

एकोणतिसाव्या दिवशी अंडं कानाला लावल्यावर आतून बारीक टकटक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाला भोक पडलं आणि दुपारपर्यंत तेवढंच राहिलं.

"सोडव रे त्याला, मरंल," ठकी म्हणाली.

"हात लावू नका," लहानी फोनवरून म्हणाली.

जैतू हात मागे बांधून दिवसभर येरझाऱ्या घालत राहिला. उजाडेपर्यंत तीन पिल्लं निघाली, ओली, पिवळी-करडी, पायांनी मोठी. चौथं अंडं तसंच राहिलं. तिघांनी माना वर करून जैतूकडे पाहिलं. त्यानं त्यांना कोंबडीपुढे नेलं, तर तिनं चोच मारली आणि पिल्लं धावत त्याच्या पायांत शिरली.

मग ती निघालीच नाहीत तिथून. कणी टाकली तर चिवडून सोडली, अंगणातलं कोवळं गवत मात्र कातरल्यासारखं खाल्लं. तो विहिरीवर गेला की मागे, राखणीला गेला की मागे. परसाकडे गेला तरी बाहेर कोकलत उभी. दम दिला तर आणखी जवळ येत. आपण नक्की काय केलं म्हणून ही मागे लागली, हे जैतूला उमजत नव्हतं.

आठवड्यानं फोन आला. काजलला मुलगी झाली होती. बघायला या.

त्यानं पिल्लं ठकीकडे ठेवली आणि वळला. अर्धी वाट गेला तरी त्यांचा आवाज येत होता. परत येऊन त्यानं त्यांना टोपलीत घातलं, वर पंचा बांधला आणि मुरबाडहून शहापूरची एसटी धरली.

"काय आहे टोपलीत?" कंडक्टरनं विचारलं.

"बदकं. म्हंजे, बदकं नायत."

"मग कोंबड्या?"

"कोंबड्यापण नायत."

कंडक्टरनं त्याच्याकडे नीट पाहिलं, तिकीट हातात दिलं आणि पुढे गेला. शहापूरहून जीपनं तो कसाऱ्याला उतरला, तेव्हा जावई शाम दारातच उभा होता.

"मामा, हे काय आणलंत?"

जैतूनं टोपली खाली ठेवली. लहानीनं टोपलीचा पंचा सोडला. तीन पिल्लं बाहेर पडली, तिच्या पायांवरून चढून थेट जैतूकडे गेली.

"अंडी मी बसवली," लहानी म्हणाली.

"मी कायपण केलं नाय गो. तूच म्हणालीस, काय करू नका."

काजलनं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. तसं बाळ रडायला लागलं, खाली पिल्लंही कोकलायला लागली. बाळाला हलवावं तर पिल्लं ओरडत, खाली वाकावं तर बाळ. शेवटी तो बाळाला घेऊन भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. पिल्लं त्याच्या नडगीला चिकटून बसली, हळूहळू त्यांच्या माना खाली आल्या. थोड्या वेळानं बाळही गप्प झालं.

"केवढी होतील ही?" काजलनं हळूच विचारलं.

"तळ्यावर नर उरलाय, तो एवढा हाय," हात बाळात गुंतलेले, म्हणून जैतूनं हनुवटीनंच उंची दाखवली. "त्याच्याकडं सोडीन म्हणतो. पण तो घेतो का नाय, ठाव नाय. आन ही जातात का, तेपण ठाव नाय."

"आन तुमी सोडाल का?" लहानीनं विचारलं.

जैतूनं एका हातानं पंचा ओढून पिल्लांवर घातला. लहानीनं चहाचा कप त्याच्या हाताशी, पिल्लांना लागणार नाही असा सरकवून ठेवला आणि ती आत भात बघायला गेली.