संपतची पोटरी

सव्वीस जानेवारी आली की गिरिजाबाईच्या जिवाचा नुसता जळफळाट व्हायचा. परतूरजवळच्या तिच्या गावात झेंडावंदन झालं की शाळेच्या हॉलमध्ये तो जुना लढाईचा सिनेमा लागायचा. चाळीस जवान अख्खी फौज अडवून धरतात, तो. त्याच्या शूटिंगला खरे जवान हवे होते, म्हणून पलटणीतून गावचे दोघे गेले होते: बद्रीनाथ आणि गिरिजाबाईचा नवरा संपत. पडद्यावर दोघंही मरतात. बद्रीनाथ कॅमेऱ्याकडे तोंड करून, चांगली छाती धरून. संपत त्याच्या मागे, वाळूत पालथा. तोंड काही दिसत नाही.

पुढे दोन वर्षांनी संपत सरहद्दीवर खरोखरीचा गेला. बद्रीनाथ मात्र दरवर्षी मरायचा, शिट्ट्या घ्यायचा आणि बायकोशेजारी, दैवशालाशेजारी बसून चिवडा खायचा. मग जळणार नाही तर काय करणार बाई? दैवशालाला नवराही मिळाला आणि पडद्यावर त्याचं तोंडही. हिच्या वाट्याला नुसती पाठ.

पाठ, आणि एक पोटरी. मेलेल्या संपतला वाळूत काहीतरी चावलं असावं. ऐन शांततेत त्याने डाव्या बुटाने उजवी पोटरी खसाखसा खाजवली होती, आणि ती चूक सिनेमात तशीच राहून गेली. दरवर्षी त्यावर हॉल खदखदून हसायचा. गिरिजाबाई पदर तोंडाला लावायची. लोकांना वाटायचं, बाई रडते.

यंदा सिनेमा लागायच्या आधी बद्रीनाथ सिनेमा लावणाऱ्या धर्मराज सरांच्या कानाशी लागला, पण पुढच्याच खुर्चीवर गिरिजाबाई बसली होती.

"सर, तेवढा खाजवायचा तुकडा पुढं पळवा. शहीद माणसाला लोक हसून राह्यले. वहिनीला किती लागत असंल!"

सरांनी मान डोलावली. गिरिजाबाई उठली ती थेट पडद्यापुढे जाऊन उभी राहिली.

"कोन म्हनलं मला लागतं? बद्री भाऊजी, तोंड तुमचं, शिट्ट्या तुमच्या, घरी जेवायला बी तुम्हीच. माझ्या मालकाचं तेवढं खाजवनं राह्यलंय, ते बी बघवना का तुम्हाला?"

"वहिनी, मी तर तुमच्यासाठीच..."

"न्हाई पायजे! घरातला फोटो बत्तीस वर्षांत कधी हलला न्हाई. इथं हलतो माझा नवरा."

दैवशालाने चिवड्याचा पुडा खाली ठेवला. सरांनी सिनेमा लावला.

बद्रीनाथ छाती धरून पडला, पण शिट्टी कुणी मारली नाही. मग त्या शांततेत मागच्या मेलेल्या संपतने पाय उचलला आणि खसाखसा पोटरी खाजवली. कुणाची हसायची छाती होईना.

"हसा की मेल्यांनो!" गिरिजाबाई ओरडली, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत सुटली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "सर, मागं घ्या. अजून एकदा."